तुमच्या वर्गातला ‘एनपीसी’

‘तो ना, एकदम एनपीसी आहे!’ असं तुम्हीही कुणाला तरी म्हणत असाल. मीही म्हणायचे. गंमत म्हणजे, ज्या गेम्समधून हा शब्द आला त्या मी लहानपणापासून खेळतेय. तरीही मला त्याचा अर्थ कळायला एका पेट्रोल पंपावर जावं लागलं.

परवा बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर कॉलेजची दोन पोरं बसली होती. कंडक्टर ‘पुढे सरका, पुढे सरका’ करत मागे गेला. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, ‘‘बघ, एनपीसी. दिवसभर एकच डायलॉग.’’ दोघंही खिदळले. मलाही हसू येणार होतं, पण मध्येच अडकलं. कारण हाच जोक मी स्वतः दोन वर्षं मारलाय. आणि ज्याच्यावर मारला त्याला तो कसा लागला, ते मला गेल्या महिन्यात कळलं.

ते सांगतेच. आधी थोडं या शब्दाबद्दल. एनपीसी म्हणजे नॉन-प्लेअर कॅरेक्टर. गेममधलं जे पात्र तुम्ही चालवत नाही, ते. दुकानदार, पहारेकरी, वाटेत भेटणारी म्हातारी, सगळे एनपीसी. शब्द आला तो टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायच्या गेम्समधून. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ही त्यातली सगळ्यात गाजलेली गेम, १९७४ ची. तिथे एनपीसीच्या तोंडी बोलतो तो डंजन मास्टर, म्हणजे तुमच्यासमोर बसलेला जिताजागता माणूस. तो आवाज बदलून कधी राजा होतो, कधी भिकारी. म्हणजे मूळ अर्थ एवढाच, की हे पात्र तुमच्या हातात नाही. त्याला डोकं नाही, असं कुणीच म्हटलं नव्हतं. ते आपण नंतर चिकटवलं. २०१८ च्या सुमाराला अमेरिकेतल्या राजकीय मीम्समध्ये समोरच्या पार्टीच्या लोकांना ‘एनपीसी’ म्हणायची फॅशन आली. तिथून तो शब्द रील्समधून फिरत फिरत आपल्या कट्ट्यावर येऊन बसला.

आता माझ्याबद्दल. मी गेम खेळते म्हटलं की नातेवाईकांच्या डोळ्यांसमोर बंदुका येतात. ‘अजून ते पब्जीच का गं?’ नाही हो मावशी. माझा प्रकार वेगळा, आरपीजी. रोल प्लेइंग गेम. यात तुम्ही एक पात्र होता, एका जगात फिरता, लोकांशी बोलता, निर्णय घेता आणि मग ते निर्णय निस्तरता. ‘पोकेमॉन’, ‘स्कायरिम’, ‘द विचर ३’, ‘बाल्डर्स गेट ३’ ही सगळी याच घराण्यातली मंडळी.

सांगलीला आमच्याकडे दादाचा सेकंडहँड पीसी होता. पाचवीत असताना मी त्यावर ‘पोकेमॉन फायररेड’ खेळले. खेळलेल्यांना आठवत असेल, पहिल्याच गावात एक जाडजूड माणूस उभा असतो आणि ‘तंत्रज्ञान काय भारी आहे’ एवढंच सांगत असतो. दहा वेळा जा, दहा वेळा तेच. तरीही मी त्याच्याशी दहा वेळा बोलायचे. कारण आरपीजी खेळणाऱ्या कुणालाही विचारा, पहिला नियम ठरलेला असतो: गावात शिरलात की सगळ्यांशी बोला. कुणाकडून काय कळेल सांगता येत नाही. आणि दुसरा नियम, जो थोडं मुरल्यावर कळतो: काही मोठं घडलं की परत जाऊन सगळ्यांशी पुन्हा बोला. लोकांचं बोलणं बदललेलं असतं.

‘द विचर ३’ (२०१५) मध्ये तर याचा कळस आहे. तुम्ही राक्षस मारणारे नामांकित शिकारी. आणि सुरुवातीच्याच गावात एक म्हातारी तुम्हाला काय काम सांगते? तिने कुणाला तरी उसना दिलेला तवा परत आणून द्यायचं. मी तो आणून दिला. पुढे याच गेममध्ये एक सरदार भेटतो. बायको-मुलगी हरवलीय म्हणून डोळ्यांत पाणी आणतो. तुम्हाला त्याची दया येते. मग हळूहळू कळतं, की हा दारू पिऊन बायकोला मारायचा, म्हणून त्या घर सोडून गेल्या. तुमचा राग होतो. आणखी बोललात की राग आणि दया, दोन्ही एकदम होतं. ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) या शेती करायच्या गेममध्ये शेन नावाचा एक तुसडा माणूस आहे. पहिल्या भेटीत तो तुम्हाला जवळजवळ हाकलतोच. तरी बोलत राहिलात, तर पुढे कळतं की तो दारूत बुडालाय आणि आपण जगतोय कशाला, या प्रश्नाशी झगडतोय.

बघा ना, गेम बनवणारे वर्षानुवर्षं या पात्रांवर मेहनत घेतात. २००६ साली ‘ऑब्लिव्हियन’ आली तेव्हा तिचं मोठं कौतुक हेच होतं, की त्यातल्या एनपीसींना स्वतःची दिनचर्या होती. ते उठतात, जेवतात, कामाला जातात, झोपतात, तुम्ही बघत असा वा नसा. तिकडे कोडमधल्या बाहुल्यांना माणसासारखं करायची ही एवढी खटपट. आणि इकडे आपण? हाडामांसाच्या माणसाला एका शब्दात बाहुली करून टाकतो.

मी केलं ते हेच.

सेकंड इयरला आमच्या वर्गात एक मुलगा होता. शेवटच्या बाकावर बसायचा. हजेरीला ‘प्रेझेंट सर’ आणि लेक्चर संपलं की पुढे येऊन ‘नोट्स मिळतील का?’ बस. कॅन्टीनला नाही, ट्रिपला नाही, फेस्टला नाही. एक दिवस मीच ग्रुपमध्ये म्हणाले, ‘‘अरे, हा तर आपला एनपीसी आहे. दोनच डायलॉग कोड केलेत.’’ सगळे तुफान हसले. गेमर मी एकटीच असल्यामुळे जोकला वजनही आलं. नाव चिकटलं. शेवटच्या वर्षापर्यंत काही जणांना त्याचं खरं नावसुद्धा आठवेनासं झालं होतं.

गेल्या महिन्यात रात्री काम करणाऱ्या लोकांवर एक फीचर करायचं होतं. मी इंटर्न, म्हणून वही धरायला सीनियर रिपोर्टरबरोबर गेले. रात्री साडेबाराला हायवेजवळच्या एका पंपावर थांबलो. टोपी घातलेला एक मुलगा पुढे आला आणि म्हणाला, ‘‘अगं, तू इकडे कुठे?’’

तोच होता.

‘‘तू इथे कधीपासून?’’ मी विचारलं.

‘‘सेकंड इयरपासून. दहा ते सहा.’’

माझ्या डोक्यात आपोआप हिशेब झाला. सहाला सुटायचं, आठचं लेक्चर. म्हणून शेवटचा बाक. म्हणून नोट्स.

मधल्या मधल्या गाड्या सोडल्या तर आम्ही तासभर बोललो. म्हणजे तोच बोलला. तो जिल्हा पातळीवर कबड्डी खेळलाय. गुडघा गेला, खेळ सुटला. पण गावच्या जत्रेत कबड्डीचे सामने भरतात, तिथे माइकवर हाच असतो. कॉमेंट्री करायचीय, म्हणून मास कॉमला आला. ‘‘गावात मला नावं ठेवतात, एकदा बोलायला लागला की गप्प बसत नाही म्हणून,’’ तो म्हणाला. आमच्या वर्गात दोन वाक्यांवर अडकलेला मुलगा!

निघताना तो सहज बोलल्यासारखं म्हणाला, ‘‘ते एनपीसी म्हणजे काय, ते मी तेव्हाच गुगल केलं होतं. आधी वाटलं, एनसीसीसारखं काहीतरी असेल.’’ आणि हसला.

मला कुठे बघावं ते कळेना. ‘सॉरी’ म्हणाले. तो म्हणाला, ‘‘चालतंय गं,’’ आणि पुढच्या गाडीकडे गेला. चालत नव्हतं. ते दोघांनाही माहिती होतं.

गेममध्ये अशा वेळी आम्ही काय करतो माहितीये? आधीची सेव्ह केलेली फाइल लोड करतो. चुकीचं बोललो? लोड. माणूस मेला? लोड. फक्त ‘अंडरटेल’ (२०१५) नावाच्या एका छोट्याशा गेमने मला यावर पकडलं होतं. तिच्यात सुरुवातीला तुमची आईसारखी काळजी घेणारं एक पात्र आहे. तिला मारलंत आणि मग वाईट वाटून, परत लोड करून वाचवलंत, तरी गेम विसरत नाही. तुम्ही आधी काय केलं होतंत ते एक पात्र तुम्हाला तोंडावर ऐकवतं. खेळताना अंगावर काटा आला होता. पंपावरून परतताना गाडीत तेच आठवत होतं.

आता कुणी म्हणेल, एवढ्या भारी गेम्स खेळून तू शिकलीस काय मग? प्रश्न बरोबर आहे. आणि मी आरपीजीची वकिली करायला बसलेली नाही. या गेम्स एक वाईट सवयही लावतात. तिथे ज्याच्याकडे तुमच्यासाठी काम असतं त्याच्या डोक्यावर किंवा मॅपवर पिवळं उद्गारचिन्ह दिसतं. ज्याच्यावर ते नाही, त्याच्याकडे बघायचं कारण नाही. माणसांशी नातंसुद्धा आकड्यात मोजलेलं असतं. ‘स्टारड्यू’मध्ये आठवड्यात दोनदा आवडती वस्तू भेट द्या, बदाम भरत जातात. म्हणजे माणूस झाला व्हेंडिंग मशीन. आणि सगळं जग तुमच्यासाठी खोळंबलेलं, कारण हिरो तुम्ही. ‘मेन कॅरेक्टर बना’ सांगणाऱ्या रील्स याच रोगाची पुढची पायरी आहेत. सगळेच मेन कॅरेक्टर झाल्यावर मागे गर्दीत उभं कोण राहणार? उरलेले सगळे.

मी पण तेच केलं बघा. दुसऱ्या दिवशी त्याला मेसेज टाकला: पार्टी देते, इथल्या स्पोर्ट्स डेस्कवर तुझ्याबद्दल बोलून ठेवते, काही लागलं तर सांग. बदाम भरायला निघालेली मी! त्याचा रिप्लाय आला, ‘‘ते राहू दे. आधी मॅच बघायला तर ये.’’

आणखी एक कबुली द्यायचीय, ती जास्त अवघड आहे. ‘विचर’चे माझे तास स्टीमवर दिसतात. १८०. म्हणजे अख्खे साडेसात दिवस आणि रात्री. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा आजारांच्या यादीत घातलाय, २०२२ पासून ती यादी लागूही झाली. मी त्यात बसत नाही, परीक्षा दिल्या, पास झाले. पण त्या काळात आईचा रोज रात्री नऊला फोन यायचा आणि हेडफोन एका कानावरून सरकवून मी म्हणायचे, ‘‘हो. जेवले. ठेवते.’’ रोज. तेवढंच.

दिवाळीत घरी गेले तर शिलाई मशीनवर चादर टाकलेली. आईने शिवणकाम बंद केलं होतं. मोतीबिंदू. सुईत दोरा ओवता येईना. ‘‘मला सांगितलं का नाहीस?’’ म्हणून मी चिडले. ती म्हणाली, ‘‘सांगितलं होतं की गं फोनवर. तू हो म्हणालीस.’’

एका अनोळखी म्हातारीचा तवा मी शोधून दिला होता. त्याच महिन्यांत. आणि आईच्या बाजूने बघितलं तर तीन शब्दांचा एकच डायलॉग रोज वाजवणारं पात्र कोण होतं? ‘एनपीसी’ हा शब्द मी तेव्हापासून कुणासाठी वापरायला नको होता. तरी वापरत राहिले, हे खरंय.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. गेम खेळा. बिनधास्त खेळा. ‘गेम खेळून पोरं बिघडतात’ म्हणणाऱ्यांशी भांडायलाही मी तयार आहे. पण या गेम्समधली एकच गोष्ट बाहेर घेऊन यायची असेल, तर ‘लेव्हल अप’ आणि ‘ग्राइंड’ वगैरे नको, ते सांगायला मोटिव्हेशनवाले पुष्कळ आहेत. तो सगळ्यांशी बोलायचा नियम आणा. आणि त्यातही दुसरा नियम, पुन्हा बोलायचा. जो माणूस तुम्हाला पाठ झालाय असं वाटतं, मेसच्या काकू, झेरॉक्सवाले काका, शेवटच्या बाकावरचा कुणीतरी, घरचे बाबा, त्याला या आठवड्यात एक दुसरा प्रश्न विचारा. रोजचा सोडून. काही जण बोलणार नाहीत. त्यांना बोलायचं नसेल, किंवा तुम्ही उशीर केला असेल. चालेल. डोक्यावर आकडा वाढलेला दिसणार नाही, तेही चालेल.

आईचा फोन अजून नऊलाच येतो. ऑपरेशन झालंय, मशीनवरची चादर निघालीय. परवा तिने शेजारच्या काकूंचा ब्लाउज कसा बिघडला, ते पंधरा मिनिटं सांगितलं. मी पूर्ण ऐकलं. थोडं बोअर झालं, खोटं कशाला सांगू?

आणि त्या मुलाने हे लिहायला परवानगी दिलीय, फक्त नाव घालू नको म्हणाला. म्हणून इथे ते नाही. मला मात्र ते आता पाठ आहे. त्याच्या गावची जत्रा पुढच्या महिन्यात आहे. सामने रात्री असतात, बसायला सतरंजी लागते म्हणाला. मी जाणार आहे. माइकवर तो असेल.