काका, तुम्ही काय पाहिलंत?

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरी बोलण्यापुरतं. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. हा लेख मी आधी मासिकाच्या इंग्रजी विभागासाठी लिहायला घेतला होता. पण ज्यांच्यामुळे लिहितेय ते काका मराठीत बोलले, आणि त्यांचं बोलणं इंग्रजीत नेलं की ते दुसरंच कुणीतरी वाटायला लागले. म्हणून इकडे आले.

२६ जुलैला आपल्याकडे कारगिल विजय दिवस जोरात साजरा होतो. देशभक्तीपर गाणी, स्किट, थर्मोकोलचा टायगर हिल, क्विझ. मी क्विझच्या टीममध्ये होते. परमवीरचक्राचे २१ मानकरी, त्यातले कारगिलचे चार, सगळं पाठ. आम्ही जिंकलोसुद्धा! कार्यक्रम संपल्यावर आमच्या हॉस्टेलच्या गेटवरचे सिक्युरिटीचे काका हॉलमधल्या खुर्च्या एकात एक घालून ठेवत होते. ते माजी सैनिक आहेत हे कुणीतरी म्हणालं, तेव्हा फर्स्ट इयरच्या एका मुलानं विचारलं, "काका, किती जण मारले?" सगळे हसले. मीही हसले. काका म्हणाले, "मारले नाहीत बाळा. माइन काढले." आणि पुढची खुर्ची उचलली.

ते वाक्य डोक्यातून जाईना. पुढे पीएलमध्ये एका रात्री लाइट गेले, आम्ही तिघीजणी गेटपाशी येऊन बसलो आणि मी विषय काढला.

काका सैन्यात सॅपर होते, म्हणजे इंजिनिअर्सपैकी. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, त्यानंतर 'ऑपरेशन पराक्रम' सुरू झालं आणि लाखो जवान पाकिस्तानच्या सीमेवर गेले. जवळजवळ दहा महिने दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी होती. ऑक्टोबर २००२ मध्ये सैन्य मागे घेण्याचा निर्णय झाला. युद्ध झालंच नाही. माझा जन्म त्यानंतरचा, आणि खरं सांगायचं तर हे नाव मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. आमच्या क्विझमध्ये ते नव्हतं.

पण युद्ध झालं नाही म्हणून काकांचं काम थोडंच टळलं? पंजाब, राजस्थान, जम्मूच्या सीमेवर लाखो सुरुंग पेरले गेले होते, त्यात लोकांची शेतंही आली. परत फिरताना ते सगळे उचलायचे होते. काका राजस्थानात होते. ते सांगत होते, "लावताना मोजून लावतो, काढताना मोजून काढायचे. एक जरी कमी भरला तरी तो पट्टा संपला असं म्हणता येत नाही. आणि वाळू काय एका जागी राहते? कागदावर माइन इथं असतो, आणि तो सरकलेला असतो." कमी धातूचा सुरुंग डिटेक्टरला सहज सापडत नाही. मग पोटावर पडून सळईनं जमीन टोचत जायचं. सळई तिरकी घालायची, उभी नाही. उभी घातली तर दाब वरून येतो, आणि सुरुंग वरच्या दाबानंच फुटतो. लोड कुठल्या दिशेनं येतोय यावर आम्ही पानंच्या पानं गणितं सोडवतो. चुकलं तर दोन मार्क जातात.

त्यांच्या सोबतच्या एकाचं पाऊल गेलं. ते काकांनी दोन वाक्यांत सांगितलं. जास्त वेळ सांगितलं ते दुसऱ्या दिवसाबद्दल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पट्ट्यात उतरायचं होतं, कारण पट्टा अर्धा सोडता येत नाही. "घरी काय कळवलंत?" असं मी विचारलं. "ऊन फार आहे म्हणून लिहिलं," ते म्हणाले. त्या वेळचं पदक ट्रंकेत आहे. काकूंना ते कशाचं आहे हे अजून नीट माहीत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण शौर्य लक्षात ठेवतो आणि अनुभव विसरतो. शौर्याला तारीख असते, पदक असतं, सिनेमा असतो. अनुभव मात्र त्या माणसाबरोबर निघून जातो. आपल्या ब्रँचच्या जवळचंच उदाहरण बघा. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, परमवीरचक्र. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे त्यांनी गोळीबारात दूर केले आणि रणगाड्यांना वाट करून दिली. क्विझमध्ये हे उत्तर मी दिलं होतं. पण ८ एप्रिलला कामाच्या सुरुवातीलाच त्यांच्या तुकडीतले दोन जण ठार झाले आणि पाच जखमी झाले. जखमींत राणे स्वतः होते. उरलेले त्यांच्याबरोबर पुढचे तीन दिवस काम करत राहिले. तेही घरी परतले असतील, त्यांनाही नातवंडं झाली असतील. त्यांना बसवून कुणी विचारलं का, की त्या तीन दिवसांत काय काय झालं?

शाळेत आम्हाला पहिल्या महायुद्धावरच्या इंग्रजी कविता होत्या. फ्रान्सचे खंदक, चिखल, पॉपीची फुलं मला डोळ्यांसमोर दिसायची. त्याच युद्धात मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, कुत नावाच्या गावी पूना डिव्हिजनला वेढा पडला, त्यात मराठा पलटणी होत्या, उपासमार झाली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करावी लागली, हे मला आत्ता आत्ता कळलं. फ्रान्समधल्या भारतीय शिपायांची पत्रं तरी थोडीफार उरली, तीही कुणी प्रेमानं जपली म्हणून नव्हे. शिपायांच्या मनात काय चाललंय हे सरकारला हवं होतं, म्हणून सेन्सॉरनं पत्रं उघडून त्यातले उतारे इंग्रजीत करून घेतले. ते उतारे आज लंडनमध्ये आहेत. म्हणजे आपल्या माणसांचं मन वाचायचं तर त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्यांच्या इंग्रजीतून वाचायचं! माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीलासुद्धा हे खटकलं.

बायकांची गोष्ट तर आणखी मागे राहिली. १९४२ मध्ये विमेन्स ऑक्झिलिअरी कोअर (इंडिया) सुरू झालं. त्यातल्या मुली सैन्याच्या ऑफिसांत, टेलिफोन एक्स्चेंजवर काम करत होत्या. युद्ध संपलं, कोअर बंद झालं. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या सिस्टर्स तर प्रत्येक युद्धात होत्या. हातपाय गेलेली पोरं शुद्धीवर आली की पहिल्यांदा त्यांनाच बघत असतील. आपल्या एकाही स्किटमध्ये मी सिस्टर पाहिलेली नाही. (असलीच तर ती रडत असते.)

कुणी म्हणेल, त्यांना बोलायचंच नसतं, कशाला खपल्या काढता? बरोबर आहे. ज्यांना बोलायचं नाही त्यांना सोडून द्यावं. पण "किती मारले?" असं विचारणाऱ्याशी कुठला माणूस बोलेल? काकांशी मी दोन वर्षं रोज "काका, पाचच मिनिटं उशीर झालाय" एवढंच बोलत होते. ते गप्प आहेत असं मला वाटायचं. विचारलं कुणी होतं?

म्हणून एक सुचवते. एनएसएसचा कॅम्प दरवर्षी सात दिवस गावात जातो. झाडं जरूर लावूया. पण त्यातल्या दोन संध्याकाळी गावातल्या माजी सैनिकांकडे, त्यांच्या घरच्या बायकांकडे बसूया. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घेता येईल. मोबाइल सगळ्यांकडे आहे. त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड करायचं, त्यांच्याच शब्दांत उतरवायचं, खाली तारीख घालायची, एक प्रत त्यांना द्यायची आणि एक आपल्या लायब्ररीत ठेवायची. भाषा सुधारायला जायचं नाही. विचारायचं एवढंच, काय खाल्लंत, झोप लागायची का, घरी काय लिहिलंत, आणि काय लिहिलं नाहीत.

काकांचं रेकॉर्डिंग झालंय, चाळीस मिनिटांचं. नाव छापायला त्यांनी नको म्हटलं. पण त्याची एक प्रत त्यांनी मागून घेतली. "हिला ऐकवतो एकदा," म्हणाले.