प्रकाशाने घेतलेला ऑक्सिजनचा ठाव
तांबड्या रंगापलीकडील, साधारणतः ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा निकट-अवरक्त प्रकाश त्वचा व हाड ओलांडून काही सेंटिमीटर आत पोहोचतो, कारण या पट्ट्यात पाणी आणि हिमोग्लोबिन त्याला तुलनेने कमी शोषतात. आणि ऑक्सिजनयुक्त व ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनचे शोषण वेगवेगळे असल्याने, परत आलेल्या प्रकाशावरून ऊतींमधील, म्हणजे पेशीसमूहांमधील, ऑक्सिजनचा अंदाज बांधता येतो. फ्रान्स यॉब्सिस यांनी १९७७ साली हे तत्त्व मेंदूच्या बाबतीत सिद्ध केले. बोटाला लावायचा परिचित ऑक्सिमीटर नाडीच्या ठोक्यासरशी बदलणारा, म्हणजे रोहिण्यांतील रक्ताचा संकेत वेचतो. निकट-अवरक्त प्रकाशावर चालणारे, कपाळावर चिकटवायचे उपकरण मात्र रोहिण्या, केशवाहिन्या आणि नीला यांचे मिश्र मापन करते, ज्यात नीलांचा वाटा मोठा असल्याने पुरवठा किती झाला आणि पेशींनी त्यातून घेतले किती, या खऱ्या हिशेबाच्या ते अधिक जवळ जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कवटी पातळ असते आणि त्याच्या अंगातून वारंवार रक्त काढणे हीच एक इजा ठरते, म्हणून तेथे या पद्धतीचे मोल विशेष आहे. ऑक्सिजनप्रमाणे रक्तप्रवाहही प्रकाशाने मोजता येतो, आणि त्यासाठी लेसर वापरतात; हलत्या रक्तपेशींवरून विखुरलेल्या प्रकाशाचे ठिपके जितके झपाट्याने बदलतात, तितका प्रवाह वेगवान. या मापनांत एक अडचण मात्र आहे: त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्यही प्रकाश शोषते, आणि अमेरिकेतील २०२० च्या एका अभ्यासात बोटावरील ऑक्सिमीटरने कृष्णवर्णीय रुग्णांमधील ऑक्सिजनची घट गौरवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट वेळा नजरेआड केल्याचे आढळले. तेव्हा अशी उपकरणे भारतीय रुग्णांच्या सावळ्या त्वचेवर स्वतंत्रपणे पारखून घेणे टाळता येण्याजोगे नाही.