दाव्याची जोखीम आणि माणसाची किंमत

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण गरिबाच्या अनुभवातून आलेली आहे. खटल्यापायी शेत गहाण पडते, घर जाते आणि निकाल लागतो तो नातवाच्या हयातीत. मोठ्या उद्योगसंस्थांना ही म्हण लागू पडत नाही. त्यांच्या दृष्टीने कोर्टकचेरी हा हिशेबाचा विषय असतो. दावा होण्याचा संभव किती, हरल्यास रक्कम किती, विम्यातून भागेल किती आणि दावा टाळण्यासाठी कराव्या लागणाऱ्या सुधारणेचा खर्च किती, ही चार कलमे मांडून व्यवस्थापन निर्णय घेते. यालाच जोखमीचे व्यवस्थापन म्हणतात.

मुळात या विचारात वावगे काही नाही. करार लेखी करणे, यंत्रे वेळच्या वेळी दुरुस्त करणे, कामगारांच्या तक्रारीची तड लावणे, ही सावधगिरी प्रामाणिक लहान कारखानदारही बाळगतो व ती सर्वांच्याच हिताची असते. प्रश्न उभा राहतो तो जोखीम टाळण्याऐवजी दुसऱ्याच्या माथी मारली जाते तेव्हा. भोपाळ हे त्याचे ढळढळीत उदाहरण होय.

2 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे 40 टन मिथिल आयसोसायनेट वायू बाहेर पडला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने आधीपासूनच बंद होती आणि निसटणारा वायू जाळून टाकणारा मनोरा निकामी होता. सुरक्षिततेवरचा खर्च वाचला, त्याची किंमत झोपडपट्टीतील माणसांनी मोजली. त्यानंतर जे घडले ते दाव्याच्या जोखमीचे शास्त्रशुद्ध व्यवस्थापनच होते.

पहिली तटबंदी उपकंपनीची. भारतीय कंपनीचे 50.9 टक्के भाग अमेरिकन मूळ कंपनीकडे होते. नफ्यावर हक्क सांगताना हे नाते मान्य होते. जबाबदारीची वेळ येताच भारतीय कंपनी स्वतंत्र ठरली. दुसरी तटबंदी न्यायक्षेत्राची. 1985 साली खास कायदा करून भारत सरकारने सर्व पीडितांचे दावे आपल्या हाती घेतले व न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. 12 मे 1986 रोजी न्यायाधीश कीनन यांनी तो भारतात चालविण्यास सांगितले. आपली न्यायालये या कामास अपुरी आहेत असे खुद्द भारत सरकार सांगत होते आणि कंपनी मात्र भारतीय न्यायव्यवस्थेची थोरवी गात होती! त्या थोरवीमागे स्वस्त भरपाईची आशा होती, हे उघड आहे.

तिसरी तटबंदी कालहरणाची. डिसेंबर 1987 मध्ये भोपाळच्या जिल्हा न्यायालयाने 350 कोटी रुपयांची अंतरिम मदत मंजूर केली. उच्च न्यायालयाने ती 250 कोटींवर आणली. त्यावरही अपील झाले. चौथी तटबंदी तडजोडीची. मागणी 330 कोटी डॉलरची होती. 14 फेब्रुवारी 1989 रोजी सर्वोच्च न्यायालयात 47 कोटी डॉलरवर समेट झाला. पुढे पावणेसहा लाखांच्या आसपास दावे ग्राह्य धरले गेले आणि बहुसंख्य जखमींच्या हाती प्रथम पडले ते 25 हजार रुपये. कंपनीच्या 1988 च्या हिशेबात या प्रकरणाचा भार भागामागे 43 सेंट एवढाच दिसतो. एका शहराचा श्वास ताळेबंदाच्या एका ओळीत मावला.

फौजदारी बाजूही निराळी नाही. 7 जून 2010 रोजी सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी त्यांना जामीन मिळाला. वॉरन अँडरसन खटल्यास कधीच हजर राहिले नाहीत. 2014 मध्ये त्यांचे निधन झाले. 14 मार्च 2023 रोजी वाढीव भरपाईची सरकारची याचिका फेटाळताना पीडितांसाठी विमा उतरविण्याचे काम सरकारनेच केले नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवले. जोखमीचा विचार कंपनीने पुरेपूर केला. जनतेच्या वतीने तो करणे ज्यांचे कर्तव्य होते त्यांनी केला नाही.

या अंधारात एक दिवा लागला होता. दिल्लीतील श्रीराम कारखान्याच्या वायुगळतीनंतर डिसेंबर 1986 मध्ये न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने संपूर्ण दायित्वाचे तत्त्व सांगितले. धोकादायक उद्योगातून हानी झाल्यास सबब चालणार नाही आणि उद्योग जितका बलाढ्य तितकी भरपाई मोठी, असे ते तत्त्व. परंतु 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने मृत्यूबद्दल तातडीची मदत ठरविली ती 25 हजार रुपये. तत्त्व मोठे आणि थैली लहान!

2023 च्या जनविश्वास कायद्याने तर पर्यावरण संरक्षण कायद्यातील कैदेची तरतूद काढून तिथे दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. व्यवसायसुलभतेचे कारण पुढे केले गेले. किरकोळ कागदी चुकीसाठी लहान उद्योजकाला तुरुंगाची भीती नसावी, हे म्हणणे रास्तच आहे. पण विषारी सांडपाणी सोडणाऱ्यालाही हीच सवलत मिळाली, याचे काय? दंड हिशेबात धरता येतो. कैद धरता येत नाही. जी शिक्षा केवळ पैशात मोजली जाते ती बड्या उद्योगासाठी शिक्षा राहत नाही, तो परवान्याचा दर होतो.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत 26 मे 2016 रोजी स्फोट झाला आणि 23 मे 2024 रोजी पुन्हा झाला. दोन्ही वेळा चौकशीच्या घोषणा झाल्या, मदतीचे आकडे जाहीर झाले. भरपाई मिळवून देणे हे कार्यकर्त्यांचे काम आहेच, पण ते शेवटचे काम आहे. कारखान्यात कोणते रसायन किती साठविले आहे, गळती झाल्यास वस्तीने कोठे जावे, सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी आहेत की केवळ कागदावर नावे आहेत, हे प्रश्न अपघाताआधी विचारले गेले पाहिजेत. कारखाने कायद्यात 1987 साली भोपाळनंतर अशा माहितीचा हक्क आला. कायद्यांची नावे बदलली तरी तो हक्क सोडता कामा नये.

दाव्याची जोखीम सांभाळण्याचा खरा मार्ग एकच आहे: अपघात होऊ न देणे. हा मार्ग मालकाला सर्वांत स्वस्त वाटेल इतके दायित्व जड करणे, हे लोकशाही राजकारणाचे काम आहे. ते झाले नाही तर जमाखर्च जुळत राहील आणि खर्चाच्या बाजूला माणसे पडत राहतील.