संच बदलावा काय?

बीबी हे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्याचे गाव. येथील व्यवहार शेतमालाच्या पैशावर चालतो. तेव्हा वस्तूची किंमत रुपयांपेक्षा क्विंटलांत सांगणे अधिक प्रामाणिक ठरेल. पंचावन्न इंची ओएलईडी दूरचित्रवाणी संच लाख रुपयांच्या मागेपुढे पडतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवला. म्हणजे एक संच बरोबर सुमारे १९ क्विंटल सोयाबीन; तेही हमीभाव खरोखर पदरात पडला तर, आणि बी-खत, फवारणी, मजुरी यांचा खर्च वजा न करता. ज्याच्या घरी जुना संच धड चालतो आहे, त्याने हा सौदा करावा काय?

नवा संच वाईट आहे असे मुळीच नाही. जुन्या एलईडी संचात पडद्यामागे दिवे असतात व पुढचा थर त्यांचा प्रकाश अडवून चित्र घडवतो. काळोख दाखवायचा म्हटले तरी थोडा उजेड झिरपतोच. ओएलईडीत सेंद्रिय पदार्थाचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो व स्वतः विझतो, म्हणून त्यातील काळा रंग खरोखर काळा असतो. कष्टकऱ्याने सुंदर चित्राची हौस धरू नये, असे सांगणाऱ्यांनी आधी स्वतःची बैठकीची खोली पाहावी.

परंतु ही किमया प्रत्ययास येते ती अंधाऱ्या खोलीत आणि उत्तम प्रक्षेपणावर. जेथे दिवसभर दार सताड उघडे असते आणि छपरावर डीडी फ्री डिशची तबकडी असते, तेथे मुळात येणारे चित्रच बहुतांशी जुन्या दर्जाचे असते. पडदा त्यात काय भर घालणार? शिवाय बातम्यांच्या वाहिनीची पट्टी व बोधचिन्ह तासन्‌तास एकाच जागी राहिल्यास त्याचा डाग कायमचा उमटण्याचा धोका या तंत्रात आहे. उलट जुन्या संचाचा आवाज येतो पण चित्र दिसत नाही, असे झाले तर पुष्कळदा मागच्या दिव्यांची पट्टीच गेलेली असते. ती बदलण्याचा खर्च नव्या संचाच्या किमतीपुढे किरकोळ असतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये बत्तीस इंचांवरील संचांचा वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याचा ‘दिवाळीची भेट’ म्हणून गाजावाजा झाला. सवलत खरी, पण ती खरेदी करणाऱ्यालाच मिळते. रोख नसलेल्याला दुकानदार ‘बिनव्याजी’ हप्ता दाखवतो. शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. व्याज किमतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडलेले असते. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो, हप्ता मात्र दरमहा येतो; मधले महिने सावकाराचे.

१९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवण्यात आली. संच गावाचे, सामायिक होते. महाराष्ट्र त्या राज्यांत नव्हता, तरी वाचनालयात वा समाजमंदिरात एक मोठा संच ठेवण्याची कल्पना आजही गैर नाही. क्रिकेटच्या सामन्याला तर ती घरापेक्षा अधिक रंगेल.

तोवर बीबीच्या शेतकऱ्याने चालता संच चालू ठेवावा. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये संकेतस्थळ उघडले; पण सुटे भाग ठरावीक वर्षे, ठरावीक भावात, तालुक्याच्या गावी मिळालेच पाहिजेत, असे बंधन कंपन्यांवर घालण्याची मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे.