आधी अडचण, मग यंत्र

मी पडेगावात राहून शिक्षक होण्याचे शिक्षण घेतो आहे. 'यंत्रेच शिकवू लागली, तर तुमचे काय काम?' असे नातेवाईक हसत विचारतात. या प्रश्नाचे उत्तर मला माढा तालुक्यातील परितेवाडीत सापडते. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळाले. पुरस्कार देणाऱ्यांनी नोंदवले आहे, की पुस्तकांची भाषा मुलींच्या घरची नव्हती. म्हणून गुरुजींनी आधी ती भाषा शिकून घेतली, धडे तीत आणले आणि मग पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मोबाईल धरला की कविता ऐकू येई, पाठ दिसे.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आपण मात्र बहुधा आधी यंत्र आणतो आणि मग त्याला काम शोधतो.

आमच्या भागातल्या कित्येक घरांत एकच मोबाईल असतो आणि तो सकाळीच वडिलांच्या खिशातून वाळूजच्या कारखान्यात जातो. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर गेली, तेव्हा अशी मुले मागे पडली. गृहपाठ मोबाईलवर पाठवणे शिक्षकाला सोयीचे असते. पण त्या मुलाला ती शिक्षाच.

म्हणून मी ठरवले आहे : पडदा, चित्रफीत, संगणक सारे वापरीन, पण वर्गात, सर्वांसमोर. ज्याच्या घरी काहीच नाही, त्यालाही जे मिळेल, तेच माझे तंत्रज्ञान. कोण गप्प बसले आहे, हे ओळखायला मात्र शिक्षकच लागतो.