वाढीव वॉरंटी आणि परभणीचे रस्ते

दसरा, पाडवा आणि धनत्रयोदशी हे मुहूर्त एकेकाळी गुंजभर सोने घेण्याचे मानले जात. आज त्याच मुहूर्तावर परभणी जिल्ह्यातील शिक्षकाच्या वा बँकेतील कारकुनाच्या दारात मोटार उभी राहते. लांबीने चार मीटरच्या आत, पण ऐटीत उंच दिसणारी 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' ही या वर्गाची विशेष आवड. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आल्याने तिचे आकर्षण वाढले आहे. मात्र कर्जाच्या कागदांवर सह्या चालू असताना विक्रेत्याचा प्रतिनिधी आणखी एक कागद पुढे सरकवितो. तो 'एक्स्टेंडेड', म्हणजे वाढीव वॉरंटीचा. मूळ मुदत संपल्यावरही काही वर्षे दुरुस्तीची चिंता नको, असे तो सांगतो. ही रक्कम पुष्कळदा कर्जातच मिळविली जाते, म्हणजे चिंतामुक्तीवरही व्याज भरावे लागते.

या कागदाचे मोल ठरवावयाचे तर आधी इथला रस्ता पाहावा. काळ्या मातीची कीर्ती कापसासाठी. पण हीच माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचे डांबर लाटांसारखे उंचसखल होते. जिंतूर, पालम वा सोनपेठकडे रोज जा-ये करणाऱ्या शिक्षकाच्या गाडीत आधी काय जाते? सस्पेन्शनचे रबरी बुश, लिंक रॉड, क्लचप्लेट, ब्रेकचे पॅड, टायर. आणि नेमके यांतील बहुतेक भाग 'झिजणारे भाग' या सदराखाली वगळलेले असतात. उंदराने वायरिंग कुरतडले, आणि धान्याच्या पोत्यांशेजारी गाडी उभी करणाऱ्या घरात ही काही अपूर्वाई नव्हे, तर तो बाह्य कारणाने झालेला बिघाड ठरतो. 2025 च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीसारख्या प्रसंगी इंजिनात पाणी शिरले, तर तो विषय वॉरंटीचा नव्हे, विम्याचा. आणि विम्यातही इंजिनासाठी वेगळी जोड घेतलेली नसेल तर तिथेही अडचणच.

मग ही निव्वळ फसवणूक म्हणावी काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. आजच्या गाडीत विजेचा कारभार मोठा आहे. इंजिनाचे नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, विजेवर फिरणारे स्टिअरिंग, एसीचा कॉम्प्रेसर, डिझेल गाडीतील टर्बो आणि इंजेक्टर यांपैकी एक जरी दगावले तरी महिन्याचा पगार डळमळतो. असे भाग सामान्यतः वॉरंटीत येतात. रोज लांबचा पल्ला गाठणाऱ्यास तिचा आधार खरा आहे. सणासुदीलाच गाडी बाहेर काढणाऱ्यास मात्र तो पैसा बहुधा जड जाईल.

खरी मेख आहे ती अटींत. अधिकृत सर्व्हिस अमुक महिन्यांनी किंवा अमुक किलोमीटरांनी, यांतील जे आधी भरेल तेव्हा, झालीच पाहिजे. तालुक्याच्या गावी किलोमीटर भरत नाहीत, महिने मात्र निमूटपणे भरतात. परभणी वा नांदेड गाठायला रजा टाकावी लागते. एक सर्व्हिस हुकते आणि पुढे तीच नकाराचे कारण होते. गावच्या मेकॅनिककडे बोनेट उघडले तरी वॉरंटी बुडाली, अशी भीती घातली जाते ती वेगळीच. वस्तुतः भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना दंड ठोठावताना, स्वतंत्र गॅरेजातून दुरुस्ती करून घेतली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट लादू नये, असे बजावले होते. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या, आणि ग्राहकाच्या कानावर मूळ गोष्ट आलीच नाही.

तेव्हा वगळलेल्या भागांची यादी, मराठीत आणि डोळ्यांना दिसेल अशा अक्षरांत, सहीपूर्वी हाती देणे विक्रेत्यांवर बंधनकारक झाले पाहिजे. तोवर ग्राहकाने घाई करू नये. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत केव्हाही ही वाढ विकतात. उशिरा दर थोडा चढतो, पण गाडीचा स्वभाव कळलेला असतो. वॉरंटी मिळाली म्हणजे नवी गाडी मिळेल, हाही भ्रम नको. वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचेच वचन असेल तर सबंध गाडी बदलून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये मारुती उद्योगच्या खटल्यात म्हटले आहे.

दावा अयोग्यपणे नाकारला गेला तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे. गाडी छत्रपती संभाजीनगरात घेतलेली असली तरी परभणीत राहणाऱ्यास परभणीच्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. तिथे तोंडी आश्वासने चालत नाहीत. प्रत्येक सर्व्हिसचे बिल जपून ठेवावे, नकार लेखी मागावा, आणि जॉबकार्डावर 'जनरल चेकअप' असे मोघम लिहू न देता, गाडी कुठे व कशी आवाज करते ते आपल्याच शब्दांत लिहवून घेऊन मगच सही करावी.