पाळी बाबांचीही

नागपुरात नर्सरीत घालणं म्हणजे फी भरायची, व्हॅन लावायची आणि फाटकातूनच परतायचं. आत काय चालतं, ते व्हॉट्सॲपवर कळतं. याउलट, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला बालवाडी काढली. वस्तीतली मुलं येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पानं हेच साहित्य. (महागड्या किटची दुकानं तेव्हा नव्हती, हे बरंच झालं.) हे नागपुरातही जमेल: मनीषनगरच्या फ्लॅट स्कीममध्ये अंगण नसेल, पण सभागृह रिकामं असतं आणि आजी-आजोबाही. आठ-दहा घरांनी मिळून एक शिकलेली ताई नेमावी, मदतीला आईबाबांनी पाळ्या लावाव्यात. बाबांनीसुद्धा, डबे धुण्यापासून सुरुवात केली तरी चालेल.